मुक्यांची बाई

मला शिक्षिका व्हायचं होतं, पण अशी नाही. डी.एड. झालं तेव्हा आमच्याकडे भरती बंद होती. वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचे, आई घरी शिकवण्या घ्यायची, आणि मी रोह्यात घरी बसून होते. कुणीतरी सांगितलं, मुंबईला मूकबधिर मुलांना शिकवायचा एक वर्षाचा कोर्स आहे, केला की नोकरी लगेच लागते. त्यातलं 'लगेच' एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मुलांबद्दल कळवळा वगैरे मला नव्हता. मूकबधिर मूल मी तोवर जवळून पाहिलंही नव्हतं.

नोकरी खरंच लागली. पेणला एका संस्थेचा वर्ग होता, साध्या शाळेच्या मागच्या अंगाला, एका लांबट खोलीत. शेजारी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. त्याची पांढरी धूळ आमच्या मोठ्या आरशावर बसायची आणि सकाळी पहिलं काम तो पुसायचं. आरसा आमच्या कामाचा. मुलाला शेजारी बसवायचं, दोघांनी आरशात बघायचं, मी 'प' म्हणायचं. ओठांपुढे धरलेली कागदाची पट्टी हलायची. मग त्याने म्हणायचं. पट्टी हलली की शाब्बास. 'ग' शिकवायचा तर त्याचा हात माझ्या गळ्यावर आणि माझा त्याच्या गळ्यावर. असं सकाळपासून दुपारपर्यंत. दुपारी घसा सुजल्यासारखा व्हायचा. रोह्याला परतणाऱ्या एसटीत कुणी ओळखीचं भेटलं तर मी नुसती मान हलवायचे. बोलण्याचा कंटाळा आलेला असायचा.

वर्ग चालवायच्या मोठ्या बाई. त्या वयाने माझ्या आईएवढ्या, बारीक अंगाच्या, कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "हात खाली. मूल खुणा करायला लागलं की आपण बघायचं नाही. खुणेनं काम भागलं तर ते बोलेल कशाला?"

मला कोर्समध्येही हेच शिकवलं होतं. त्यामुळे मी तसं करत होते. पण मधल्या सुट्टीत मुलं मागच्या पायरीवर बसून हातांनी इतक्या गप्पा मारायची, इतकी हसायची, की मी दाराआडून बघत राहायचे. तेवढा वेळ त्या जागेत जीव असायचा.

ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा आठेक वर्षांची असेल. खाडीकाठच्या गावातली. आई मिठागरावर कामाला. आईनेच तिला आणली होती, पदर खोचलेला, पाय खाऱ्या पाण्याने भेगाळलेले. खोलीत न शिरता दारातूनच म्हणाली, "बाय, ही ऐकत नाय. पन येडी नाय हां. हिला सगलं कलतं."

"बोलते का काही?"

"आमच्याशी बोलते." आणि तिने मुलीकडे वळून हाताने काहीतरी केलं, दोन बोटं, मग तळहात. मुलगी पटकन चपला काढून आत येऊन बसली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मुलगी हुशार होती. तिच्या छातीवर आम्ही कापडी खिशात श्रवणयंत्राची डबी बांधली. घामाने आणि खारट हवेने ती सारखी बंद पडायची, पण ओठ वाचायला ती इतक्या लवकर शिकली की मला नवल वाटायचं. दोनतीन वर्षांत तिला लिहिता-वाचता यायला लागलं. बोलणंही फुटलं. आवाज जाड, घोगरा, शब्दांची शेवटं गिळलेली. पण सवय झालेल्याला कळायचं.

मग वरून नवं धोरण आलं. ज्या मुलांना जमेल त्यांना त्यांच्या गावच्या साध्या शाळेत घाला, आणि विशेष शिक्षिकेने फिरून त्यांच्याकडे लक्ष द्यावं. ऐकायला चांगलं होतं. मोठ्या बाईंनी सगळ्यात आधी या मुलीचं नाव सुचवलं आणि फिरती माझ्याकडे आली, कारण मी तरुण होते.

गावच्या शाळेत एकच गुरुजी. चार वर्ग, खोली एक. माणूस चांगला होता. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, बसवतो मी तिला. पुढेच बसवतो. पण शिकवू कसं ते सांगा."

मी सांगितलं. तिच्याकडे तोंड करून बोला. फळ्याकडे वळलात की थांबा. हळू बोला, पण ओरडू नका. मग जरा चाचरत म्हटलं, "आणि गुरुजी, तुमच्या मिशा."

"मिशांचं काय?"

"वरचा ओठ झाकला जातो. तिला ओठ दिसायला हवेत."

गुरुजींचा चेहरा उतरला. मिशा झुबकेदार होत्या, त्यांच्या अभिमानाच्या. त्यांनी मिशांवरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा चहा विचारायचा नाही. पुढच्या आठवड्यात गेले तर मिशा कातरलेल्या. गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी हसतात सगळी."

त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून मानते. तरी चार वर्ग ते चार वर्गच. एकाला पाढे, एकाला कविता, एकाला शुद्धलेखन. गुरुजी फळ्याकडे वळायचेच, वळावंच लागायचं. मी गेले की मुलगी मला बिलगायची आणि आठवड्याभराचं न कळलेलं सगळं पुढे करायची. मी तासभर थांबायचे, मग बांधावरून चालत रस्त्याला, तिथून मिळेल ती गाडी धरून दुसऱ्या गावी, दुसऱ्या मुलाकडे. एक जित्याला होता, एक वडखळच्या पुढे. सगळ्यांना थोडंथोडं द्यायचं, कुणालाच पुरत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर आई पानं घ्यायची आणि मी जेवता जेवता पेंगायचे.

गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी बरेच दिवस कुणी आलंच नाही. शेजारच्या गावचे शिक्षक मधूनमधून येऊन हजेरी घ्यायचे. मी गेले तेव्हा मुलगी शाळेत नव्हती. पोरांनी खाडीकडे हात दाखवला.

मिठाचा हंगाम चालू होता. उन्हात पांढरे ढीग डोळ्यांना बघवत नव्हते. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीने चालल्या होत्या आणि त्यांच्यात ती, छोटी टोपली डोक्यावर. छातीवरची डबी नव्हती. तिच्या आईने मला पाहिलं आणि टोपली रिकामी करून बांधावर आली.

मी चिडून विचारलं, "शाळेत का नाही पाठवत?"

"पाठवून काय करू गो? मास्तर नाय. ती तिथं भिंतीकडं बगत बसते. इथं बायका तिच्याशी हातानं बोलतात, ती हसते."

"आणि पुढे?"

"पुढचं तू सांग."

त्याच महिन्यात माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली होती. साधी शाळा, कोलाडच्या बाजूला, कायमची नोकरी, फिरती नाही. घरी पेढे वाटून झाले होते. वडील म्हणाले होते, "सुटलीस बघ." आणि मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं. मुलगी शाळेत असेल, तिचा निरोप घेऊ, असा विचार करून मी आले होते.

ती बांधावर येऊन माझ्याजवळ बसली. हातापायांना मीठ लागलेलं. मी तोंडाने सांगितलं, "मी जाणार. दुसरीकडे." तिने ओठ वाचले आणि हसून आपल्या गळ्यापाशी बोट फिरवलं. मंगळसूत्र. लग्न झालं का, असं विचारत होती. मी नाही म्हणून मान हलवली. मग नोकरी हे सांगायचं कसं? तो शब्द मी तोंडाने दोनदा म्हटला, तिला तो ओठांवर कळेना. शेवटी मी हात खाली ठेवायचं सोडून दिलं. हातात डबा धरल्यासारखं केलं, रोज सकाळी कंपनीत जाणारी माणसं जातात तसं चालून दाखवलं. मग शाळेची घंटा, फळा. मग दूर. मग तिच्याकडे बोट आणि नाही.

तिला कळलं. तिने हातांचं मीठ झटकलं. मग त्या जाड आवाजात म्हणाली, "शा नको. पेण. मोठ्या बा."

गावची शाळा नको, पेणला, मोठ्या बाईंकडे. तिने स्वतःच ठरवलं होतं. मी तिच्या आईला ते शब्दात सांगितलं, तशी आई म्हणाली, "रोज पेणला कोन नेल हिला?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "बगू. मिठाचं काम संपलं की बगू."

मी त्याच दिवशी पेणला जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, माझ्या जाण्यावरून त्या बोलतील. त्या आरसा पुसत होत्या. म्हणाल्या, "जा तू. मी नाही अडवणार. माझीही एकदा निवड झाली होती. तेव्हा मी राहिले, आणि बरं केलं का वाईट ते मला आजही सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "मुलीला घेते मी परत. धोरणाला काय सांगायचं ते बघून घेईन."

त्यांनी शब्द पाळला. पावसाळ्यात मुलगी पुन्हा पेणला यायला लागली. गावातला एक दूधवाला तिला सकाळी सायकलवरून आणायचा आणि एसटीतून ती एकटी परत जायची. पुढे ती सातवी झाली, शिवण शिकली. हे सगळं मला मोठ्या बाईंकडूनच कळत राहिलं. त्यात माझा वाटा फार नव्हता.

कोलाडच्या शाळेत मी साधी बाई झाले. मुलं ऐकत होती, बोलत होती, मी फळ्याकडे वळून खुशाल लिहीत होते. पहिलं वर्ष मला सुट्टीसारखं गेलं. पण वर्गात एक मूल असं असतंच, जे मागे बसतं आणि काही विचारत नाही. तशा एकाला मी पुढे बसवलं. एकीचे डोळे अधू होते, तिच्यासाठी फळ्यावर मोठं लिहायला लागले. तालुक्याला ते कळलं, आणि माझ्याकडे मूकबधिरांचा कोर्स आहे हेही कळलं. तोवर काही वर्षं गेली होती. साध्या शाळांत अशी मुलं आणायची एक नवी योजना आली आणि त्यासाठी शिकलेलं माणूस रोहा तालुक्यात शोधूनही मिळेना. तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावून विचारलंही नाही, फक्त सांगितलं. पुन्हा फिरती. या वेळी अख्खा तालुका.

वडील वैतागले. "परत तेच?" मी म्हटलं, "परत तेच." मला राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद नव्हती. आणि खरं सांगायचं तर, हे काम मला येत होतं. दुसरं कुठलंच काम मला इतकं येत नव्हतं.

तेव्हापासून मी गावोगाव दारात उभी राहून विचारत आले, "घरात शाळेत न जाणारं मूल आहे का?" बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "नाय, आमच्याकडं तसं कोन नाय." रोह्याच्या पलीकडच्या एका वाडीत असंच झालं. सगळ्या घरांतून नाही ऐकून मी परत निघाले. उन्हाने डोकं दुखत होतं, रस्त्याला एसटी येण्याची वेळ झाली होती. तेवढ्यात मागून एक बाई आली. भात कांडता कांडता आली असावी, केसांत कोंडा. म्हणाली, "बाय, पोर शालेत नेल्यावर पोरं त्याला हसतील ना?"

मी म्हटलं, "हसतील. सुरुवातीला हसतील."

तिने केसांतला कोंडा झटकला. मग वळून घराकडे चालू लागली आणि थोड्या अंतरावर जाऊन थांबली. मी तिच्या मागे गेले. एसटीचा आवाज रस्त्यावरून येऊन निघून गेला. ओटीवर तिने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि आत हाक न मारता, हाताला धरून पोराला बाहेर आणलं.