रस्त्यात राहिलेले दगड

परदेशातून येताना माणसं अत्तर आणतात, खजूर आणतात. पांढरकवड्याचा जब्बार मिस्त्री ओमानहून भीती घेऊन आला. खजूरही आणले होते म्हणा, पण ते गॅरेजच्या फळीवर तसेच पडून होते आणि हायवेवरून ट्रक गेला की जब्बारभाई दचकत होता. चाळीस वर्षं ट्रकांच्या पोटाखाली झोपून काम केलेला माणूस!

मी निवृत्त मास्तर. अकरा वर्षांपूर्वी करंजीच्या उतारावर माझी मोटारसायकल रस्त्यातल्या दगडांवर चढली, तेव्हापासून उजवा पाय काठीच्या भरवशावर चालतो. कुणाचा तरी ट्रक बिघडला, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून दगड मांडले, ट्रक सुधारला आणि दगड तिथंच ठेवून मंडळी पसार. आपल्याकडची रीतच ती. मांडायला सगळे तयार, उचलायला कुणी नाही. त्या अनोळखी माणसाला मी रोज सकाळी पाय जमिनीला टेकवताना एक शिवी देतो. जब्बारभाईला ती पाठ आहे, कारण माझ्या स्कूटरला बाजूची चाकं त्यानंच बसवून दिली आणि उठता-बसता मला हातही तोच देतो.

"तिकडं झालं तरी काय?" शेवटी मी विचारलंच.

"सर, तथचा रस्ता लय खतरनाक," तो म्हणाला. "एकशेवीसनं गाड्या, अन् हॉर्न एकाचाही नाही. आवाजच नाही तं कोण कोठून येऊन राह्यलं, समजाचं कसं? मधातल्या डिव्हायडरले एक फट नाही. आपल्याकडं लोकं फोडून घेतात. तथी मागं फिराचं असन तं पुढच्या पुलापर्यंत जा. गझाला गाडी चालवत होती अन् मी बाजूले बसून कलमा पढत होतो."

गझाला त्याची मुलगी, तिकडे नर्स आहे. एका दुपारी बापाला समुद्र दाखवून घरी परतताना गाडीचा टायर फुटला. तिनं गाडी कडेला घेतली आणि मदतीसाठी फोन काढला. जब्बारभाईला तो अपमान वाटला. घरचा मिस्त्री असताना फोन कशाला? तो उतरला, साठ पावलं मागं वळणापर्यंत गेला आणि पाच मोठे दगड रस्त्यावर तिरके मांडून आला. फांदीही शोधली, पण त्या मुलखात झाड नव्हतं. मग पंधरा मिनिटांत चाक बदललं. "अब्बा, मान गए!" लेक म्हणाली, आणि गाडी निघाली.

"मी लय खुशीत होतो, सर. म्हटलं, देख बेटा, कित्ता साफ रस्ता है. एक पत्थर नहीं. अन् पत्थर म्हटलं न् म्हटलं, मले माहे पाच गोटे आठवले."

जावई जीशान कामावरून त्याच रस्त्यानं मागून येत होता. फोन लावला, तो गाडी चालवताना फोन उचलत नाही. पूल अकरा किलोमीटर पुढं. तिथून वळून उलट्या बाजूनं मागं आले, तर डिव्हायडरच्या पलीकडं पाचही दगड दिसत होते. मधे गाड्यांची रांग. गझाला रडत नको नको म्हणत होती.

"मी दार उघडून पळालो. एक गाडी इतक्या जवळून गेली का सदरा उडाला. वाटलं, आता मेलो. डिव्हायडर चढलो, एकेक गोटा ओढून कडेले टाकला. पाचवा हातात होता अन् जीशानची पांढरी गाडी सपकन निघून गेली. त्यानं मले पाह्यलंही नाही."

"वाचला ना जावई?" मी म्हणालो. "मंग आता कायले भेऊन राह्यला?"

त्यानं माझी काठी उचलली. फडक्यानं तिची मूठ पुसली, पुन्हा पुसली.

"तथचे पाची गोटे काढले, सर. करंजीच्या उतारावरचे काढाचे राह्यले होते. तो ट्रक मीच सुधरवला होता. अंधार पडत होता, मले घरी जाची घाई होती. अकरा वर्षं झाले, रोज ठरवतो का सांगाव, अन् रोज भेव लागते."

मला राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता. रोजची शिवी तोंडाशी आली, आणि पहिल्यांदाच ती द्यायला समोर माणूस होता. मला तिथून ताडकन उठून जायचं होतं. काठी जब्बारच्या हातात होती. तो उभाच होता, आणि दुसरा हात त्यानं सवयीनं माझ्यापुढं केला होता. तो धरल्याशिवाय मला उठता येत नव्हतं.