स्वयंपाकघराच्या दाराशी

स्वयंपाकघराच्या दाराशी माझी निळी, मऊ चप्पल पडून आहे. सहा महिने झाले तरी तिचा तळ दुकानातून आणल्यासारखा कोरा आहे. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसतो, म्हणून डॉक्टरांनी ती घरातही घालायला सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "घाल की, फक्त स्वयंपाकघरात नको." मग मी दिवसभर उभी असते ती आणखी कुठे? घराला बाईच्या पायांची काळजी असते, पण ती ओट्यापर्यंत पोचत नाही. काल डॉक्टरांनी विचारलं, "चप्पल घालता ना?" मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "हो तर, मीच आणून दिली." डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळ्या वाढवून दिल्या.