माफीचा साक्षीदार सहदेव

तिवस्याच्या अलीकडे, अमरावतीच्या सडकेला लागून सहदेव माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि बाजाराच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन निघायचा. अंगानं दणकट, पण भांडणाच्या वाटेला न जाणारा. याच्या हातून माणूस मरेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याची बायको जयवंता हसली असती.

बेचाळीसच्या ऑगस्टात गाव पोलीस ठाण्यावर चालून गेलं. नुसता झेंडा लावायचा, एवढंच ठरलं होतं. ठाण्यातून गोळी सुटली आणि सहदेवच्या खांद्याला खांदा लावून चालणारा त्याचा भाचा धाडकन पडला. गळ्यातून रक्ताची चिळकांडी उडाली ती सहदेवच्या तोंडावर. पुढचं त्याला धड कळलं नाही. लोकांनी दार फोडलं. पुंजाराम नावाचा शिपाई मागच्या अंगानं पळत होता, त्याच्या हातात बंदूकही नव्हती. सहदेवनं धोंडा उचलून त्याच्या डोक्यात घातला. पुंजाराम पडला, गुडघ्यांवर उठू लागला. सहदेवनं तोच धोंडा पुन्हा घातला, आणि पुन्हा.

आठवडाभरात लष्कर आलं. घरं फोडली, कोठ्या उलथल्या, चाळीस माणसं दोरानं बांधून नेली. ठाणेदारानं सहदेवला आढ्याला उलटं टांगून तळव्यांवर रूळ चालवले. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची दोन नखं उपटली. ठाणेदाराला खरं म्हणजे शाळामास्तर खुशालराव हवे होते. सगळ्या तालुक्याला पेटवलं होतं ते त्यांच्याच भाषणांनी. त्या दिवशी मात्र ते अकोटला बहिणीकडे होते.

"धोंडा खुशालरावानं घातला, एवढं सांग," ठाणेदार म्हणाला. "सरकार माफी देईल. फासावर तो जाईल, तू घरी जाशील."

सहदेव "हो" म्हणाला. मार थांबला. पण त्याला त्याहून जास्त बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुंजारामचं मरण आपल्या डोक्यावरून उतरलं, असं त्याला वाटलं. मॅजिस्ट्रेटपुढे त्यानं पढवलेली जबानी घडाघडा दिली आणि तो माफीचा साक्षीदार झाला. गावात जयवंताच्या दारावर लोक शेण फेकू लागले.

फेब्रुवारीत अमरावतीच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला. सहदेवला व्हरांड्यात पहाऱ्यात बसवलं होतं. तेवढ्यात पांढऱ्या कपाळाची एक बाई कोर्टातून साक्ष देऊन बाहेर आली. शिपायानं सहदेवकडे बोट दाखवताच ती वाकली आणि तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ती पुंजारामची बायको मैनाबाई होती.

"भाऊ, तुमी खरं सांगून राहिले म्हनून माह्या घरधन्याले न्याव भेटल," ती म्हणाली.

सहदेवनं चटका बसावा तसे पाय ओढून घेतले.

मग त्याचा पुकारा झाला. आरोपींच्या पिंजऱ्यात खुशालराव उभे होते. मारानं त्यांचा एक डोळा गेला होता. शपथ झाली. सरकारी वकिलानं विचारलं, "शिपायाला धोंडा कुणी मारला?"

"म्या."

"नीट आठव. मॅजिस्ट्रेटसमोर काय सांगितलं होतंस?"

"थे खोटं होतं, सायेब. खुशालराव तथी नव्हतेच. पुंजाराम उठून राहिला होता, हात जोडून राहिला होता. तरी म्या धोंडा घातला. माह्या भाच्याचं रगत माह्या तोंडावर होतं."

"मग आधी खोटं काहून सांगितलं?" खुशालरावांच्या वकिलानं विचारलं.

सहदेवनं हात वर करून बोटं दाखवली.

न्यायाधीशांनी माफी जाईल याची जाणीव करून दिली. तो म्हणाला, "जाऊ द्या."

त्या संध्याकाळी कोठडीत शिपायांनी त्याच्या बरगड्या मोडल्या. खुशालराव सुटले. सहदेववर वेगळा खटला चालला, त्याचेच शब्द त्याच्याविरुद्ध पुरावा झाले आणि त्याला जन्मठेप झाली.

सेहेचाळीस साली काँग्रेसचं सरकार आलं, राजबंदी सुटले, त्यांत तोही सुटला. गावानं डफडी वाजवली. खुशालरावांनी स्वतः हार घातला. दुसऱ्याच दिवशी सहदेव कुणाला न सांगता मैनाबाईच्या गावी गेला आणि तिच्या अंगणात उभा राहून त्यानं आपलं नाव सांगितलं.

पुंजारामचा भाऊ गोवर्धन बैलगाडीच्या उभारीचा दांडा उपसून धावला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसऱ्यानं कोपराचं हाड वाजलं. सहदेव खाली पडला, पण त्यानं हात आडवा केला नाही. मैनाबाई दाराशी उभी राहून बघत होती. बराच वेळ बघत होती.

"पुरे," शेवटी ती म्हणाली. "मरल थो. मंग तुलेबी नेतील." मग सहदेवला म्हणाली, "तुह्यासाठी नाही म्हनलं. जाय. पुन्हा येऊ नोको."

सहदेव कसाबसा उठला आणि सडकेला लागला. डावा हात त्याला पुढे कधी सरळ करता आला नाही. जयवंतानं खूपदा विचारलं, पण त्या अंगणातलं त्यानं तिलाही सांगितलं नाही.