बिनलेबलाच्या सव्वीस बाटल्या

माझे चुलते गुणाजी घवाळी छत्तीस वर्षं भांडुपच्या एका औषध कंपनीत बाटल्यांना लेबलं लावत होते. ते स्वतः या कामाला 'पॅकिंग आणि क्वालिटी' म्हणतात. यातली क्वालिटी त्यांच्याकडे कुणी आणि कधी सोपवली, हे बहुधा कंपनीलाही ठाऊक नसावं. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी आले. येताना एक टेबलफॅन आणला, निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ आणलं, आणि गावात काय काय सुधारायला हवं याची भलीमोठी यादी डोक्यात घालून आणली. यादीत पहिला नंबर बायकोचा होता.

ती म्हणजे आमची आवडाकाकी. काका मुंबईत असताना भातशेती, गुरं, दोन मुलींची लग्नं, सासूचं पाच वर्षांचं अंथरूण, हे सगळं तिने एकटीने निभावलं. काका मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीला दहा दिवस यायचे आणि पाहुण्यासारखे जेवून जायचे. काकीला विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही आणि काकांना मुळात विचारायचीच सवय नाही. हा संसार इतकी वर्षं बिनभांडणाचा टिकला, यात मोठा वाटा दोघांमधल्या साडेतीनशे किलोमीटरचा होता असं माझं मत आहे.

आमच्या वाडीत, रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, काकीचं नाव निघतं ते अमृत कोकमासाठी. एप्रिल संपता संपता ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढते, धुते आणि एकेक फळ फडक्याने कोरडं पुसते. मग ते अर्धं कापून बी काढायची, सालीच्या वाटीत साखर दाबून भरायची आणि बरणीत एकावर एक थर लावायचे. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती घरापुढच्या खळ्यात उन्हाला ठेवायची. आठ दिवसांत साखर विरघळते आणि साली आपला सगळा रस सोडून देतात. यात पाण्याचा थेंब नाही, चूल नाही. ओल्या हाताने बरणीला शिवलेला माणूस काकीच्या नजरेतून जो उतरतो तो पुढच्या मोसमापर्यंत वर येत नाही.

पहिल्या वर्षी काकांनी थर्मामीटर आणला. बरणीत किती अंश तापमान भरतं ते लिहून ठेवायला वही केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी खळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ऊन असतं याचा तक्ता केला आणि काकीच्या हातात दिला. ती तर चाळीस वर्षं बरण्या उन्हामागून सरकवत आली होती. तिने तक्ता वाचला आणि चहाच्या डब्याखाली अंथरला. माझं घर शेजारचंच, मधल्या दगडी गडग्यापलीकडून मी हे सगळं बघत असतो. मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर काकांना हवं होतं ते फार थोडं होतं. आपण नसतो तर या घरात काहीतरी अडलं असतं, असं काकीने एकदा तरी म्हणावं. तीन वर्षं झाली, काहीच अडत नव्हतं. त्यांनी काढलेला चष्मासुद्धा काकीच शोधून द्यायची.

यंदा मे महिन्यात काकी दोन दिवस मालगुंडला बहिणीकडे गेली आणि काकांना रान मोकळं मिळालं.

पडवीतल्या फडताळात सव्वीस बाटल्या होत्या. त्यांचा पूर्वेतिहास विचारू नये. काकी त्या उकळून घेते. काहींत अमृत कोकम होतं, काहींत आगळ. आगळ म्हणजे त्याच रातांब्यांचा मीठ घातलेला रस, सोलकढीला लागतो तो. रंग दोन्हींचा एकच, काळपट लाल. प्रत्येक बुचावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ज्या माणसाने जन्मभर लेबलं लावली, त्याच्या स्वतःच्या घरात सव्वीस बाटल्या बिनलेबलाच्या! काका सरळ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले.

"निलेश, स्टिकर काढ. तीस. वर लिही, अस्सल कोकणी अमृत कोकम. खाली उत्पादक, गुणाजी घवाळी आणि कंपनी."

"कंपनी कोण?" मी विचारलं.

"तुझी काकी," ते म्हणाले. आणि हे त्यांनी इतक्या मोठेपणाने म्हटलं, की मी मुकाट्याने स्टिकर छापले. या पापात माझाही वाटा आहे.

काकांनी चिंध्या सोडून गोठ्यामागे टाकल्या, बाटल्या बाहेरून चकचकीत पुसल्या आणि उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. कंपनीत म्हणे एका लॉटमधली एकच बाटली तपासतात, त्यावर सगळा लॉट पास. त्यांनीही एक बाटली चाखली. गोड लागली. सव्वीसच्या सव्वीस पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी वाडीची पूजा होती. चाकरमानी आलेले, मांडवात शंभरेक माणसं. पूजेला येणाऱ्याच्या हातात काकीचं कोकम सरबत पडणार, हा आमच्याकडचा पंधरा वर्षांचा रिवाज. काकी दुपारच्या गाडीने उतरली ती परस्पर मांडवात, शिऱ्याच्या कढईपाशी बसली. सरबताचं खातं काकांनी घेतलं. सहा बाटल्या पिंपात ओतल्या, पाणी घातलं, बर्फ घातला. ढवळायचा डाव कुणाच्या हाती दिला नाही. रिकाम्या बाटल्या लेबलं पुढे करून टेबलावर मांडून ठेवल्या, म्हणजे उत्पादक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये.

पहिला ग्लास भागोजी आजोबांना. ते वाडीतले सगळ्यात वयस्कर. त्यांनी मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"गुणाजी," शेवटी ते म्हणाले, "भात कुटं हाय?"

"भात कशाला, आजोबा?"

"आरं, सोलकढी वाढलीस ना? नारळ घालाचा राह्यलाय, पन मीठ झकास पडलाय."

मांडव हसला. चाकरमान्यांची पोरं ग्लास नाकाशी धरून तोंडं वाकडी करायला लागली. सहातल्या चार बाटल्या आगळाच्या निघाल्या होत्या. काकांच्या हातातला डाव तसाच पिंपावर राहिला, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. आदल्या दिवशी मला मजा वाटत होती. आता लाज वाटली.

काकी कढईजवळून उठली. पदराला हात पुसले, एक ग्लास भरून घेतला आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"बरा झालाय," ती म्हणाली. "ऊन काय थोडा हाय? घामाच्या अंगाला मीठ लागतंच. साखर आना दोन किलो, नि जिऱ्याची पूड."

काकीनेच 'बरा झालाय' म्हटल्यावर आणखी कोण काय बोलणार? साखर आली, पिंप ढवळलं गेलं. पोरं दुसरा ग्लास मागायला लागली. भागोजी आजोबांनी तीन प्यायले.

घरी ती काकांना काही बोलणार, असं मला वाटलं होतं. सकाळी तिने उरलेल्या वीस बाटल्या ओट्यावर आणून मांडल्या, एक चमचा ठेवला आणि म्हणाली, "निवडा आता. गोडाच्या हिकडं, मिठाच्या तिकडं."

काका निवडायला बसले. चमचाभर घ्यायचं, तोंड कसंनुसं करायचं, वर पाणी प्यायचं, पुढची बाटली. मी गडग्यावर कोपर टेकवून पूर्ण तपासणी पाहिली. बाराव्या बाटलीनंतर त्यांना गोड खारट लागायला लागलं आणि खारट गोड. तरी माणूस हटला नाही. एकोणीस बाटल्या झाल्या. विसावी उचलली, तेव्हा काकीने ती त्यांच्या हातातून घेतली, उजेडात धरून थोडी वाकडी केली आणि सरळ केली. आत काचेवरून रस सावकाश, जाड ओघळत खाली आला.

"गोडाची," ती म्हणाली. "मिठाचा सर्रकन पळतो."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "अगो, मग आधी सांगायचं नाय? एकोणीस बाटल्या चाखल्या मी!"

"तुमी इचारलात कुटं?"

मग हातातल्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत तिने विचारलं, "नि चिंध्या कुटं टाकलात? गोडाच्या चिंधीला एक गाठ, मिठाच्याला दोन. अवो, छत्तीस वर्सं तुमच्या पिशवीत बाटली घातली, एका गाठीची. तुमी ती गाठ सोडूनच प्यालात ना? कंदी बगितलीत नाय?"

लेबल वाचता आलं नाही, असं लेबल लावणाऱ्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? ते उठून गोठ्यामागे गेले. तिथून चिंध्या एकेक करून वेचून आणल्या, धुतल्या, आणि आपल्या तक्त्याप्रमाणे जिथे ऊन होतं त्या कोपऱ्यात वाळत घातल्या. तक्ता बरोबर होता, हे मला मान्य करावं लागेल.

संध्याकाळी ते ओट्यावर बाटल्या घेऊन बसले. औषधाच्या बाटल्या हाताळलेली बोटं, पण गाठ काही जमेना. एक बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग मान वर न करता त्यांनी आत हाक मारली.

"आवडा, गोडाला एकच ना गो?"

काकी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती सूप घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसली.

"आता इचारलात," ती म्हणाली.