चाळीस तारांचं चाक

आमच्या मुरुमच्या गफार मणियाराला “पेटीतल्या बांगड्या शाबूत आहेत ना?” असं विचारायची सोय नव्हती. एरवी माणूस गोड, पण एवढ्या प्रश्नावर उखडायचा. त्याला कारण जळकोटचं एक लग्न.

जळकोट हे त्याच्या वडिलांपासून बांगड्या भरायला बांधून घेतलेलं गाव. तिथल्या सारजाबाई त्याला भाऊ म्हणायच्या. एकोणसाठ साली त्यांच्या थोरलीचा, उमाचा चुडा भरायला तो हिरव्या बांगड्यांची पेटी सायकलला बांधून निघाला. वाटेत काही फुटणारच, म्हणून माल दुपटीनं घ्यायची त्याची सवय. वर काचेला धक्का नको, म्हणून चाकात हवा कमी. आता सांगा, मणभर ओझं आणि पिचकं टायर, चाकानं करावं काय? जळकोटच्या शिवेवर मागचं चाक पापडासारखं वाकलं, पेटी आडवी झाली आणि आत काच खळकन वाजली.

लग्नाची पेटी नवरीसमोरच उघडायची, वाटेत नाही, ही गफारच्या घरची रीत. फुटक्या काचेची पेटी मांडवात न्यायची कशी, या भीतीनं तो तिथूनच माघारी फिरला. निरोपसुद्धा धाडला नाही. घरी येऊन पेटी उघडली तर निम्म्याहून जास्त बांगड्या धडधाकट! एका नवरीला पुरून उरल्या असत्या. तिकडे उमा मोकळ्या हातांनी वाट बघत बसली आणि शेवटी शेजारणीच्या जुन्या बांगड्या घालून बोहल्यावर चढली. हे कळल्यावर गफारनं जळकोटची वाटच सोडली. माझं मत विचाराल तर चूक चाकाची नव्हती, भित्रेपणाची होती. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय आणि त्यानं महिनाभर माझ्याशी अबोला धरलाय.

एकसष्ट साली सारजाबाईंचा निरोप आला. ‘धाकट्या धुरपदीचं लगीन हाय. चुडा तुमीच भरायचा. पर ह्या बारीला न्हाय आलाव, तर जळकोट तुमचं न्हाय आन् म्या तुमची बहीण न्हाय.’

गफार त्या रात्री जेवला नाही. सकाळीच गुरुसिद्धप्पांच्या सायकल दुकानात जाऊन उभा राहिला. दोन चाकं टांगलेली होती. एक बत्तीस तारांचं, हलकं, आरशासारखं चमकणारं. त्याचा हात तिकडंच गेला.

“तुमाला पेटी न्यायची का मिरवायचं?” अप्पांनी दुसरं चाक खाली काढलं. “ह्ये घ्या. जाड लोखंडी रिम, जाड तारा, पुऱ्या चाळीस. पायाला जड जाईल, पर ओझ्याखाली वाकायचं न्हाय. आन् हवा टिच्च भरायची.”

“टिच्च हवा? काचेचा भुगा व्हईल, अप्पा!”

अप्पांनी त्याच्याकडून चार बांगड्या मागून घेतल्या. दोन नुसत्या डब्यात टाकून हलवल्या. फुटल्या. उरलेल्या दोन चिंध्यांत घट्ट कोंबून डबा दगडावर आपटला. शाबूत!

“सैल ऱ्हायलं की फुटतं. तारंचं बी तसंच हाय,” अप्पा म्हणाले आणि तासभर एकेक तार वाजवून, आवळून चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गफार निघाला. पेटी चिंध्यांनी ठासून भरलेली, आणि माल पुन्हा दुपटीनंच. खोड गेली नव्हती. टणक चाकाखालचा एकेक खडा त्याच्या दातांत वाजत होता. दोनदा हवा सोडायला म्हणून तो खाली वाकला आणि दोनदा हात मागं घेतला.

येणेगूर मागं पडल्यावर एका खड्ड्यात चाक आदळलं आणि मागून आवाज आला. टण्.

त्यानं सायकल झाडाला टेकवली. एकेक तार दाबत गेला तर एक बुडाशी तुटलेली. पण आवाज तिचाच होता, की काचेचाही? पेटी तर उघडायची नाही. तिथं तो किती वेळ उभा होता, हे त्यालाही सांगता येत नसे. मागं मुरुम, पुढं जळकोट. शेवटी तुटकी तार शेजारच्या तारेला गुंडाळली आणि तो पुढं निघाला. एकोणचाळीस तारांनी ओझं पेललं.

सारजाबाई दारातच उभ्या होत्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत.

“उघडा,” एवढंच बोलल्या.

दोरीची गाठ गफारच्या बोटांना सुटेना. शेवटी ती त्यानं दातांनी ओढून सोडली. पहिलं जुडगं निघालं, दुसरं निघालं, आणि चिंध्या उलगडता उलगडता पेटीचा तळ लागला. एकही बांगडी फुटली नव्हती.

नवऱ्या मुलीनं दोन्ही हात पुढं केले.

“थांब जरा,” सारजाबाई तिला म्हणाल्या. माहेरी आलेल्या उमाला त्यांनी दंडाला धरून पुढं बसवलं. “गफारभाऊ, आदी हिला भरा. दोन वरसं झाली, हिचा चुडा ऱ्हायलाय. माल दुपटीनं आणताव म्हनं, मंग पुरंल दोघीस्नी.”

गफार मान खाली घालून उमासमोर बसला. पहिली बांगडी हातात घेतली, पण डोळे भरून आल्यानं त्याला मनगटच दिसेना.

“सावकाश, मामा,” उमा म्हणाली. “आता म्या कुठं बी जात न्हाय.”