शंभर रेसची वही

“दमू देत गं त्यांना आधी.”

हे वाक्य काकांच्या तोंडी सारखं असायचं. खाली सोसायटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा सुरू झाला की ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. टेबलावर मधल्या बोटाने टक टक सेकंद मोजायचे आणि मला स्वयंपाकघरात ऐकू येईल असं म्हणायचे, “दमू देत. जो पहिल्यांदा ओरडतो ना, तोच शेवटी गुपचूप सही करतो.” बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

तुमच्याही बघण्यात असा एखादा माणूस आला असेल, जो सगळं जग एकाच चाळणीतून चाळून बघतो. यांची चाळणी घोड्यांची होती.

मी त्यांच्याकडे पोळी-भाजी करायला जायचे. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या नाशिकला. भांडुपच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण किती मिनिटं उशिरा, हेच त्यांनी नोकरीभर लिहिलं. मी त्यांना काका म्हणायचे. आत शिरताना मी सवयीने जय भीम म्हणायचे, ते नमस्कार म्हणायचे. दोन-तीन महिन्यांनी माझ्या आधी तेच जय भीम म्हणायला लागले.

त्यांना काचबिंदू होता. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं सांगायचे. ती नळी दर महिन्याला बारीक होत होती. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पुतण्या म्हणत होता, खोली बंद करा, तुमची सोय इकडे नाशिकच्या वृद्धाश्रमात करतो. काकांना ते नको होतं. “माझ्या खोलीत मला अंधारातही माठ सापडतो,” ते म्हणायचे. “तिकडे मला कोण माठ दाखवणार?” आंधळं झाल्यावर स्वतःच्या खोलीत राहायचं तर दिवसभराचं माणूस ठेवावं लागणार होतं, आणि बँकेतल्या ठेवीच्या व्याजात ते बसत नव्हतं.

म्हणून त्यांनी रेसच्या घोड्यांचा अभ्यास धरला.

एके दिवशी मी कणीक मळत होते. त्यांनी विचारलं, “तुला आकडे वाचता येतात का गं?”

“चौथी झालेय मी.”

“मग भागाकार येत असेल.”

येतो म्हटलं. शाळा सुटल्यापासून मला भागाकाराचं कुणी विचारलं नव्हतं. मला तो फार आवडायचा.

त्यांच्याकडे एका जुन्या साहेबाने दिलेलं इंग्रजी पुस्तक होतं, झेरॉक्स काढून शिवलेलं. त्यातली पद्धत त्यांनी मला मराठीत समजावली. घोडा किती वेळात पोचला हे सगळेच बघतात. आपण बघायचं, त्याने तो वेळ कुठे खर्च केला. रेसचे दोन तुकडे करायचे, शेवटचे सहाशे मीटर वेगळे आणि त्याच्या आधीचं वेगळं. मग प्रत्येक घोड्याची जात ठरवायची. पुढे पळणारा, दबून राहणारा, मागून येणारा. एका रेसमध्ये पुढे पळणारे तीन असले, तर ते एकमेकांना दमवतात. तिथे मागून येणारा धरायचा. पुढे पळणारा एकटाच असला, तर त्याला कुणी त्रास देत नाही, त्यालाच धरायचा. काहीच स्पष्ट दिसत नसेल तर रेस सोडायची.

“सोडायला आलं की शिकलीस,” ते म्हणायचे. “जुगारी सोडत नाही. मी जुगारी नाही. कारखान्यात पगाराच्या दिवशी रेसवर घरं बुडवणारे पाहिलेत मी. मी रुपया लावला नाही कधी. आधी शंभर रेस कागदावर. त्यात तीनात एक आपला पहिला आला, तरच खिशात हात घालायचा.”

मग माझं काम वाढलं. पोळ्या झाल्या की मी रेसच्या छापील पुस्तकातले घोड्यांचे आधीचे वेळ वाचायचे, वजाबाकी, भागाकार करायचे, ते ऐकून घोडा ठरवायचे, मी वहीत लिहायचे. घोड्यांची नावं इंग्रजीत, म्हणून त्यांनी मला अक्षरंही शिकवली. “आता तुझी आठवी झाली,” म्हणायचे. बिल्डिंगमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. मलाही ते बरं होतं. मी कुणाशी फार बोलत नाही.

बिल्डिंगमधल्या माणसांनाही त्यांनी जाती लावल्या होत्या. “दुसऱ्या मजल्यावरची सून पुढे पळणारी. सासू मागून येणारी. मी सासूवर लावीन.”

“आणि मी?”

“तू सोडायची रेस. तुझा काही अंदाज येत नाही बघ.”

मी खूप हसले होते.

सोमवारी मी येताना पेपर आणायचे आणि त्यातून रविवारचे निकाल वाचायचे. पहिल्या पंचवीस रेसमध्ये आपले दोनच घोडे पहिले आले. दर सोमवारी काका जेवायचे नाहीत. ताट तसंच झाकून ठेवायचे. एका सोमवारी चार रेस होत्या. पहिली गेली, दुसरी गेली. ते हळूच म्हणाले, “म्हणजे डोळेही जाणार आणि हातात काही नाहीच.” मला नाही, भिंतीला म्हणाले.

तिसऱ्या रेसमध्ये आपला घोडा सहावा होता. मी म्हटलं, “आपला आला काका.”

“पहिला?”

“पहिला.”

त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

माझ्या मनात एवढंच होतं, की कागदावरचा घोडा आहे. कागदावर तो जिंकला तर कुणाचं काय जातं? तोवर त्यांना भिंगातूनही अक्षर दिसेनासं झालं होतं. वही माझ्याच हातची. पेपर मी डब्यांखाली घालायला नेत होते. पुढच्या सोमवारीही त्यांनी विचारलं, आणि पुढच्याही.

सगळे घोडे जिंकवले असते तर त्यांना संशय आला असता. म्हणून मी बेताने जिंकवत होते. शेवटी एकूण तीनात एक भरेल असं, त्यांनी सांगितलं होतं तसं. मध्ये एकदा तर मी सलग सात रेस हरवल्या, म्हणजे खरं वाटावं. मग पुढच्या तीन जिंकवल्या. खरं कसं दिसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

शंभरावी रेस झाली त्या दिवशी त्यांनी मला बेरीज करायला सांगितली. “चौतीस,” मी म्हटलं. खरे आलेले अकरा होते. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्यासाठी खालून पेढे मागवले.

“आता खरी सुरुवात,” म्हणाले. “पुतण्याला कळवतो, मी कुठे येत नाही.”

माझे हात पिठात होते. “काका, अजून शंभर करू ना कागदावर.”

“का गं? आता तूच घाबरलीस? रेकॉर्ड बघ की.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पोळी लाटली, ती वाकडी झाली, मोडून परत लाटली. एवढंच केलं.

त्यांनी ठेव मोडली. रविवारी आम्ही टॅक्सीने रेसकोर्सवर गेलो. गर्दीत माझा हात धरायला त्यांना अवघड वाटत होतं. म्हणून माझ्या कापडी पिशवीचा एक बंद त्यांनी धरला, एक मी. लोक बघत होते. मी खाली मान घालून चालत होते. ठरवलेली रेस आली, तेव्हा ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि बोटाने सेकंद वाजवायला लागले.

“कुठाय आपला?”

“मागे आहे काका. शेवटून दुसरा.”

ते खूश झाले. “बरोबर! पुढे किती?”

“तीन. एकमेकांना लागून.”

“बरोब्बर. दमू देत. वळणावर आले?”

“आले.”

“आता?”

“मागेच.”

“राहू दे.”

लोक ओरडायला लागले. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “आता गं?”

“मागेच आहे काका.”

“नीट बघ. पिवळी टोपी.”

“पिवळीच बघतेय.”

घोडे आमच्या समोरून गेले. पायाखालची जमीन हलली. रेस संपली, लोक पांगायला लागले, तरी त्यांचं बोट कठड्यावर वाजतच होतं.

असे आम्ही अकरा रविवार गेलो. एकदाच आपला घोडा आला. चौथ्या रविवारनंतर मी म्हटलं, “पुरे ना काका.” तर ते मलाच समजवायला लागले. “अगं, वहीत नाही का सलग सात गेल्या होत्या? मग परत आले की नाही? तेव्हा आपण सोडलं असतं तर?” त्या सात कुणी हरवल्या आणि नंतरच्या तीन कुणी जिंकवल्या, हे जगात मला एकटीला माहीत होतं. त्यांनी पुढच्या रविवारी दुप्पट लावले. पद्धतीवर नाही, माझ्या अक्षरावर लावले.

ठेव संपली, तसे ते खुर्चीतून उठेनासे झाले. मला म्हणायचे, “वही काढ. चूक सापडायला हवी.” मी पहिल्या रेसपासून वाचायचे. ते मध्येच थांबवायचे, परत वाच म्हणायचे. “पद्धत बरोबर आहे. तुझं वाचणंही बरोबर आहे. म्हणजे ठरवताना मीच कुठेतरी चुकतोय.” मी पाणी प्यायला उठायचे आणि मोरीत नळ सोडून उभी राहायचे.

पुतण्या आला. वाईट नव्हता. त्याने दोन दिवसांत खोकी बांधली. शेवटच्या सकाळी तो टेम्पो बघायला खाली गेला, तेव्हा मी काकांच्या समोर जमिनीवर बसले.

“काका, मी वहीत खोटं लिहिलंय. आपले एवढे घोडे आले नव्हते.”

टेबल नव्हतं, ते खुर्चीच्या हातावर बोट वाजवत होते. बोट थांबलं. “किती आले होते?”

“अकरा.”

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मोठ्या मायेचं हसू होतं ते.

“मला दोष लागू नये म्हणून अंगावर घेतेस होय? वेडी आहेस. अगं, नोकरीभर लोकांच्या खोट्या वेळा पकडल्या मी. खोटं मला पावलावरून कळतं. आणि शंभर रेसची वही अशी रचायला काय डोकं लागतं, माहितेय? मला जमणार नाही, तुला जमेल?”

“जमलं काका.”

“पुरे आता. रडू नको.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चुकून कानावर पडला, मग वर सरकवला. तेवढ्यात पुतण्या वर आला. मी वही माझ्याकडे राहू द्या म्हटलं. काकांनी ती छातीशी धरली होती. दिली नाही.

काका वारले, त्याला आता वर्ष होत आलं. त्याआधी एकदाच मी नाशिकला त्यांच्या आश्रमात जाऊन आले. पुतण्याने पत्ता दिला होता. परत सांगायचं, नुसतं समोर बसून नाही, तर पायावर डोकं ठेवून सांगायचं, असं ठरवून गेले होते. तिथल्या ऑफिसात म्हणाले, व्हरांड्यात बसलेत, जा. व्हरांड्याच्या दारातच मला वाचण्याचा आवाज आला. तिथली एक वयस्क सेविका त्यांच्या शेजारी बसून वाचत होती. एकेक शब्द सुटा, तिला कशाचाही अर्थ न लागता.

“रेस सत्त्याण्णव. मागून येणारा. पहिला.”

“हं.”

“रेस अठ्ठ्याण्णव. एकटा पुढे. पहिला.”

त्यांची मान माझ्याकडेच होती. मी चार हात अंतरावर उभी होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. चेहरा वाळला होता, पण ऐकताना कपाळाला तीच आठी होती, अभ्यासाची. सेविकेने शंभरावी वाचली आणि वही मिटली.

“झालं आजोबा. आता चहा घ्या.”

“यातच कुठेतरी आहे,” ते म्हणाले. “परत पहिल्यापासून घे.”