हाताकेयामांचा चढता सूर

नाव: निइयामा कियोए. वय: सत्तावन्न. हुद्दा: फिरती गिटारवादक (उमेदवार). कार्यक्षेत्र: हाचिनोहे स्टेशनमागील गल्लीतील मद्यगृहे. अट: पर्यवेक्षक श्री. कुदो इवाओ यांच्या देखरेखीविना सदर उमेदवाराने गिऱ्हाइकाच्या गायनास साथ करू नये. हुकमावरून, गल्ली-मंडळ.

कियोएला याचं कौतुकच वाटलं. मासळीच्या कारखान्याने तिला हुद्दा कधी दिला नव्हता. दिली ती डाव्या हाताची न वाकणारी करंगळी.

धंद्याचा नियम साधा. गिऱ्हाईक गाईल त्या पट्टीत वाजवायचं, आणि ते चुकलं हे चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. परीक्षेच्या संध्याकाळी तिच्या वाट्याला बर्फवाले हाताकेयामा आले. हे गृहस्थ दर कडव्याला अर्धा सूर वर चढत. कियोए पुस्तकातल्या पट्टीत त्यांची वाट बघत बसली.

"ताई, तुमची गिटार उतरलीय," ते थांबून म्हणाले.

"दादा, पट्टी तुम्ही सोडलीत."

मद्यगृहात कुणी चॉपस्टिकने मासा उचलेना. मंडळाने सांगितलं, नववर्षापर्यंत सुधारा, नाहीतर गिटार घरी वाजवा.

"खरं बोलायची सवय कारखान्यात लागली का?" कुदो मास्तरांनी विचारलं. "आणि सहाच्या सहा तारा कशाला पिळता? माणूस सूप पितोय, त्याला वाद्यवृंद नकोय. खालच्या तीन पुरेत."

"आणि करंगळी?"

"तिला रजा द्या. तीन सुरांना बोटं तीनच लागतात."

आपण ज्याला सा-ग-प म्हणू, त्या तीन सुरांच्या तीन तारांवर तीन आकृत्या होतात: कधी सा तळाशी, कधी ग, कधी प. मोकळी तार एकही नाही, त्यामुळे गाणारा अर्धा सूर सरकला की अख्खा पंजा गिटारच्या दांडीवर एक घर, म्हणजे एक पडदा, पुढे सरकवायचा. पुढची कॉर्डही शेजारीच सापडते, धावाधाव नको. कियोए भात शिजेपर्यंत घोकायची, आणि भात लागायचा. पण त्याच तीन सुरांतून हळूहळू गाण्याच्या दोन ओळींमध्ये भरायच्या छोट्या जागा आपोआप सुचायला लागल्या.

वर्षअखेरीस हाताकेयामा पुन्हा गायले. दुसऱ्या कडव्याला चढले. कियोए एक घर वर. तिसऱ्याला आणखी चढले. ती तिथे आधीच पोचून, जणू त्यांनाच वाट विचारल्यासारखी, एक लहानशी जागा घेऊन थांबली होती. ते रडले.

"सुधारलात हं, ताई," ते नाक पुसत म्हणाले. "मी तर होतो तसाच गातोय."

"तुमचीच कृपा, दादा," कियोए म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. सुरात गाणाऱ्याने तिला पहिल्या घरापुढे नेलंच नसतं.

मंडळाने परवानगी कायम केली; परवान्यावरचा मजकूर बदलायचं मात्र कुणाला सुचलं नाही. कियोए आजही उमेदवार आहे आणि श्री. कुदो यांच्या देखरेखीखालीच वाजवते.

कुदो मास्तरांना जाऊन दोन हिवाळे झाले.